बेस गिटारवरून डबल बेसकडे: सानपाड्यातलं जुनं वाद्य घेऊ का?

कोलबाडचा_बेस

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलबाडला राहतो. दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात नोकरी आणि गेली बारा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार. गणपती, नवरात्र, हळदी, सोसायट्यांचे वर्धापनदिन, अधूनमधून घाणेकरला किंवा वाशीला भावे नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम.

हा प्रश्न त्या जुन्या गाण्यांमुळेच पडलाय. पन्नास-साठच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत खाली डबल बेस आहे, म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं पण माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं वाद्य. तो आवाज मी बेस गिटारवर आणायचा प्रयत्न करतो. ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा, फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत तारा, टोनचा नॉब पूर्ण बंद आणि बोटांऐवजी अंगठा. ऐकणारे खूश असतात. पण घरी येऊन मूळ गाणं हेडफोनवर लावलं की माझं काम किती सपाट आहे ते ऐकू येतं. माझा सूर लागतो आणि तसाच थांबतो. तिथला सूर लागल्यावर फुलतो आणि मग विरतो.

मागच्या वर्षी एनसीपीएला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा डबल बेसची रांग समोर बघितली. सगळ्यांनी मिळून गजाने एक लांब खालचा सूर धरला, तेव्हा खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या माझ्या मनगटाला तो जाणवला. अँप नाही, काही नाही. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

आता मुद्दा. आमच्या कीबोर्डवाल्याच्या ओळखीने सानपाड्यात एक जुना डबल बेस विकायला आहे. त्या गृहस्थांचे वडील वाजवायचे. ते गेल्यापासून वाद्य बेडरूमच्या कोपऱ्यात चादर घालून उभं आहे. साठ हजार म्हणतायत. फोटोत चारपैकी ‘जी’ ही सगळ्यात बारीक तार नाही, बाकीच्या तीन आहेत, आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज) थोडी पुढे झुकल्यासारखी दिसते. गज आहे, पण त्याचे केस निम्मे गळालेत.

मला हे विचारायचंय: हातात बारा वर्षांची सवय आहे, तिचा किती उपयोग होईल? मी कॉर्ड बघून आणि कानाने वाजवतो, नोटेशन येत नाही. वय ३७. घर वन बीएचके, तिसरा मजला, भिंतीपलीकडे दहावीतली मुलगी. आणि आपला पावसाळा. साठ हजार माझ्यासाठी मोठी रक्कम आहे, म्हणून घाई करत नाही. जाणकारांनी मनापासून सांगावं.

---

घोडबंदर_लो_एंड

मी इलेक्ट्रिक अपराइट घेतला, तुम्हीही तोच विचार करा असं सुचवेन. नुसता दांडा असतो, पोट नाही. तारेची लांबी डबल बेसएवढीच, म्हणजे बोटांचा अभ्यास तोच होतो. हेडफोन लावून रात्री बारालाही वाजवता येतो. बॅगेत घालून ट्रेनने नेतो, लगेजच्या डब्यातून, गर्दीची वेळ टाळून. पावसाळ्यात काही कटकट नाही.

पण तुम्ही जे मनगटाला जाणवलं म्हणताय ते यात नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. माझा बँड जोरात वाजतो, मला त्याची गरज पडली नाही.

---

ऐरोलीची_खर्जवाली

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी नऊ वर्षांपूर्वीची अवस्था डोळ्यांसमोर आली. मीही बेस गिटारवरूनच आले, तेव्हा मी ३४ची होते. सविस्तर लिहिते, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझं पहिलं वर्ष वाया गेलं.

तुमच्या जवळ जे आहे ते आधी सांगते. तारा त्याच: ई, ए, डी, जी. क्रम तोच, उंची तीच. त्यामुळे कुठला सूर कुठल्या तारेवर आहे हे डोक्याला नव्याने शिकवावं लागत नाही. गाण्यात बेसचं काम काय, कॉर्ड बदलताना कुठे उतरायचं, तबल्याच्या किंवा ड्रमच्या कुठल्या मात्रेला धरून राहायचं, हे बारा वर्षांत तुमच्या अंगात मुरलेलं आहे. व्हायोलिनवरून डबल बेसवर येणाऱ्याला ते शिकायला फार वेळ लागतो.

आता हात. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस ही बेस गिटार काढली तेव्हा तारेची लांबी ३४ इंच ठेवली, म्हणजे साधारण ८६ सेंटीमीटर. आजही बहुतेक बेस गिटारी तेवढ्याच आहेत. थ्री-फोर्थ, म्हणजे नेहमीच्या मापाच्या डबल बेसची तार असते १०४ ते १०६ सेंटीमीटर. बेस गिटारवर आपण चार बोटं चार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठेवतो. इथे खालच्या भागात ते करायला जाऊ नका. पहिलं बोट, दुसरं बोट आणि करंगळी, एवढीच वापरायची. तिसरं बोट करंगळीच्या सोबतीला तिच्याबरोबरच दाबायचं. पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत एक पूर्ण स्वर बसतो आणि तेवढ्यासाठीच पंजा दहा-अकरा सेंटीमीटर उघडावा लागतो. फ्रान्झ सिमांडल या बेसवादकाच्या शिकवण्याच्या पद्धतीत हेच आहे. ती एकोणिसाव्या शतकातली आहे, पण अजून जगभर बरेच जण तिथूनच सुरुवात करतात.

मी मात्र चार बोटांचा हट्ट धरला. दीड महिन्यात डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ यायला लागली की पोळी लाटता येईना. डॉक्टरांनी तीन आठवडे वाद्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. नंतर एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी पहिल्या दिवशी एकही सूर वाजवू दिला नाही. डावा अंगठा वाद्याच्या मानेवरून काढायला लावला आणि नुसत्या हाताच्या वजनाने तार दाबायला सांगितली. कोपर वर, खांदा सैल, आणि हात जणू तारेला लटकलाय. तार दबते! चिमटीतला जोर लागतच नाही. अंगठा नंतर परत ठेवायचा, दुसऱ्या बोटाच्या मागे, नुसता टेकवून. ही एक गोष्ट समोर बसून शिका, व्हिडिओ बघून कळत नाही. महिन्यातून दोनदा का होईना, पण पहिले चार-सहा महिने गुरू हवाच.

उजव्या हाताचंही तसंच. बेस गिटारला आपण बोटाच्या टोकाने तार खुडतो. इथे तर्जनी तारेला जवळजवळ समांतर आडवी ठेवायची, अंगठा फिंगरबोर्डच्या (तारांखालची लांब पट्टी) कडेला टेकवायचा आणि बोटाच्या कुशीने, दंडाच्या वजनासकट तार बाजूला ओढून सोडायची. बेस गिटारच्या एका तारेवर जेवढा ताण असतो त्याच्या दीडपट तरी इथे असतो. तिसऱ्या दिवशी फोड येतील. फोड आल्यावर वाजवू नका, फुटला तर आठवडा जातो. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवसांनी अर्धा तास, असं वाढवा. तुमच्या कार्यक्रमांच्या तारखा सांभाळून.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, सूर. फ्रेट नाहीत. बेस गिटारवर बोट दोन फ्रेटच्या मध्ये कुठेही पडलं तरी सूर बरोबर येतो, ती जबाबदारी कारखान्याने घेतलेली असते. इथे बोट तीन-चार मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी सूर उतरतो किंवा चढतो. यासाठी मी जे केलं ते तुम्हीही करा. मोबाइलवर तानपुरा लावा, पांढरी दोन. मोकळी डी गजाने ओढा आणि तानपुऱ्यात विरघळेपर्यंत ऐका. मग एच्या तारेवर तोच डी दाबा आणि डोळे शेजारच्या मोकळ्या डीच्या तारेवर ठेवा. सूर बरोबर लागला की ती तार, जिला तुम्ही हातही लावलेला नाही, थरथरायला लागते. तिची कड धूसर दिसते. बोट केसभर सरकवा, ती थांबते. परत आणा, परत थरथरते. मी पहिल्यांदा हे पाहिलं त्या रात्री जेवायचं विसरले होते. ट्यूनरचा हिरवा दिवा बघण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं, कारण कान आणि बोट एकदमच शिकतात.

म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं आहे, कार्यक्रमात फक्त बोटांनी वाजवणार असाल तरी गज शिका. बोटाने वाजवलेला सूर लगेच विरतो, त्यातली चूक लपते. गजाचा सूर लांब चालतो आणि प्रत्येक चूक समोर उभी राहते. गज दोन तऱ्हांचे. फ्रेंच गज वरून धरायचा, चेलोसारखा. जर्मन गज खालून, पंजात घेऊन. दोन्ही चालतात, तुमचे शिक्षक जो धरतात तो घ्या. डबल बेस वाजवणारे एडगर मेयर ऐका. बेला फ्लेक (बँजो), झाकिर हुसेन (तबला) आणि राकेश चौरसिया (बासरी) यांच्यासोबतच्या त्यांच्या कामाला २०२४ साली ग्रॅमी मिळालं. बासरीच्या खाली गजाने धरलेला बेस काय करतो ते तिथे कळेल.

एक बारीक गोष्ट, पण नुकसान टाळेल. गजाच्या केसांना लावायची बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते. आपल्या एप्रिल-मेमध्ये ती डबीतून वाहते. माझी बॅगेच्या कप्प्यात आडवी राहिली होती, पूर्ण अस्तराला चिकटली. डबी कायम उभी ठेवा, आणि गाडीत तर ठेवूच नका.

शेजारच्या मुलीचं म्हणाल तर तिच्या आईला आधी जाऊन भेटा आणि अभ्यासाची वेळ विचारा. खालच्या तारांचा आवाज भिंतीतून आणि लादीतून जातो. खुंटाखाली (वाद्य जमिनीवर ज्या टोकावर उभं राहतं ते) जाड रबराची मॅट घातली की लादीतून जाणारा बराच कमी होतो, आणि खुंट घसरतही नाही. मी संध्याकाळी सात ते पावणेआठ वाजवते. इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, आजवर तक्रार नाही.

वाद्याबद्दल मला कमी कळतं, त्याबद्दल कोणी जाणकाराने लिहावं. फक्त एक सांगते. माझ्या पहिल्या बेसची कड पावसाळ्यात सुटली तेव्हा ओळखीच्या सुताराने पांढऱ्या गोंदाने पक्की बसवून दिली. पुढच्या उन्हाळ्यात कड सुटली नाही, त्याऐवजी वरची फळीच उभी चिरली. तो आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला.

---

जुना_खुंट

वयाने बराच मोठा आहे, त्यामुळे अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. चाळीस वर्षं हे वाद्य वाजवलं, थोडीफार दुरुस्तीही केली. ताईंनी हाताबद्दल लिहिलंय त्यात माझ्याकडून भर घालण्यासारखं काही नाही. मी लाकडाबद्दल बोलतो.

कड सुटणं हा दोष नाही. डबल बेसची कड सरसाने चिकटवतात. सरस मुद्दाम लाकडापेक्षा कमजोर ठेवलेला असतो. हवा बदलली, लाकूड फुगलं किंवा आक्रसलं, की आधी सरस सोडतो आणि फळी वाचते. पांढरा गोंद सोडत नाही, मग फळीला चिरण्यावाचून मार्ग राहत नाही. ताईंच्या वाद्याचं तेच झालं.

सानपाड्याला जाशील तेव्हा मोबाइलचा टॉर्च आणि फूटपट्टी घेऊन जा. पुढच्या फळीवर एफच्या आकाराची जी भोकं आहेत, त्यांची कापलेली कड नीट बघ. पापुद्रे एकावर एक दिसले तर प्लायचं वाद्य, रेषा सलग आत गेल्या तर अख्ख्या लाकडाचं. प्लाय म्हणजे हलकं असं समजू नकोस. ठाण्याच्या हवेत पहिलं वाद्य प्लायचंच असावं असं माझं स्पष्ट मत आहे. अख्ख्या लाकडाचा आवाज मोठा आणि खोल, पण जुलैची ओल आणि बेडरूमचा एसी या दोघांत ते भरडलं जातं.

मग त्याच भोकातून टॉर्च मार. जीच्या बाजूला, घोडीच्या पायामागे, आत एक लाकडी खांब उभा दिसला पाहिजे. तो साउंडपोस्ट. तो चिकटवलेला नसतो, पुढच्या आणि मागच्या फळीच्या दाबावर उभा असतो. फ्रेंच लोक त्याला आत्मा म्हणतात, आणि तो नसेल तर आवाज खरोखरच मेलेला येतो. जीची तार नाही म्हणतोस, म्हणजे त्या बाजूचा दाब कमी झालेला आहे. खांब पडलेला असू शकतो. पडला असेल तर बाकीच्या तारा ताणून ठेवू देऊ नकोस, त्यांना लगेच सैल करायला सांग. ताण कायम आणि आधार नाही, अशाने पुढची फळी बसते. आणि पुढेही कधी चारही तारा एकदम काढायच्या नाहीत. एक काढ, एक चढव, मग दुसरी.

घोडीही चिकटवलेली नसते. सुरात लावताना तारा तिला पुढे ओढतात, म्हणून झुकते. मागची बाजू फळीला काटकोनात हवी. फोटोतली झुकलेली आहे एवढ्यावरून घाबरू नकोस, सरळ करता येते. वाकून तिला बाकच आला असेल तर नवी लागेल.

बोटाच्या पेराने सगळ्या कडेने टकटक करत फिर. एका जागी खडखड झाली की तिथे कड सुटलेली. मान जिथे धडाला मिळते तो सांधा मात्र नखाने तपास. तिथे चीर असेल तर सरळ नाही म्हण, कितीही स्वस्त असलं तरी. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात कीड आहे, तेव्हाही नाही म्हण. फिंगरबोर्डच्या शेवटाला पट्टी उभी धरून तारेची उंची मोज. जीची बाजू सहा मिलीमीटरच्या आसपास आणि ई नऊ-दहा असेल तर वाजवण्याजोगी. पावसाळ्यात उंची आपोआप वाढते. घोडीच्या पायात चाकं बसवलेली असतील तर घरच्या घरी खालीवर करता येते. हे असणं फार सोयीचं.

आणि साठ हजारांत थांबणार नाहीस हे लक्षात ठेव. चांगल्या तारांचा संच वीस हजारांच्या घरात जातो, गजाला नवे केस, आणि बांधणीच्या माणसाची मजुरी. हे सगळं धरून किंमत बोल.

---

कोलबाडचा_बेस

काका, ताई, आणि घोडबंदरचे दादा, तुमचे तिघांचेही मनापासून आभार. काकांचं लिहिलेलं छापून खिशात घातलं आणि काल सानपाड्याला जाऊन आलो.

प्लाय आहे. पापुद्रे स्पष्ट दिसले. मानेचा सांधा एकसंध, कीड नाही. डाव्या कुशीला खाली वीतभर खडखड होते, कड तिथे सुटली आहे. साउंडपोस्ट पडलेला होता, आत आडवा, टॉर्चच्या उजेडात दिसला. त्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. वडील गेल्यावर त्यांनी वाद्याला हातच लावला नव्हता, नुसती धूळ पुसायचे. आम्ही दोघांनी मिळून तिन्ही तारा सैल केल्या. त्याआधी मी एकदाच मोकळी ए छेडली होती. आवाज पोकळ होता, काका म्हणाले तसाच. पण वाद्याच्या खांद्यावर माझा डावा हात होता आणि मागची फळी पोटाला टेकलेली. सूर पोटात जाणवला.

फिंगरबोर्डवर जी आणि डीच्या खाली, पहिल्या बोटाच्या जागी, लाकूड झिजून दोन खळगे पडलेत. मी माझं बोट तिथे ठेवून पाहिलं.

दुरुस्तीचा खर्च बोललो. ते स्वतःहून पंचेचाळीसवर आले. एकच अट घातली, वाद्य वाजतं झालं की एकदा घरी आणून त्यांच्या आईंना ऐकवायचं. मी हो म्हणालोय. नवरात्रीचे पैसे हातात आले की घेणार.

दोन अडचणी आहेत. आमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार मोजलं, आत तिरकं उभं करूनही वाद्य बसणार नाही. म्हणजे तीन मजले जिन्याने. आणि सानपाड्याहून आणायचं कसं? छोटा हत्ती करावा का?

---

ऐरोलीची_खर्जवाली

छोटा हत्ती नको, त्यात हादरे फार आणि पावसाची भीती. माझी ईको व्हॅन आहे, मागची सीट पाडली की वाद्य पुढच्या दोन सीटच्या मधून मान काढून आरामात झोपतं. रविवारी सकाळी ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा असतो, मी येते. दोन जुन्या रजया आणा. पाठीवर किंवा पोटावर नाही, कुशीवर निजवायचं, सुटलेली कड वरच्या बाजूला. निघण्याआधी घोडी काढून टॉवेलात गुंडाळून वेगळी ठेवू, आणि खुंट पूर्ण आत सरकवून घट्ट करू.

जिन्याला तुम्ही मान धरा, मी खालून धरते. वळणावर आधी मान वर जाऊ द्यायची.

काका, साउंडपोस्ट उभा करायला कोणाकडे न्यायचं ते तेवढं सांगाल का?

---

जुना_खुंट

कोणाकडे नको. खांब वाकड्या लोखंडी सळईने एफच्या भोकातून उभा करतात, माझ्याकडे ती आहे. सरसही आहे. नेरूळला माझ्याकडेच आणा, सानपाड्याहून जवळ पडेल. कड चिकटवून क्लॅम्प लावला की दोन दिवस तसंच ठेवावं लागेल, म्हणजे ठाण्याला नेणं त्यानंतर. येताना तारा विकत घेऊ नकोस, आधी घोडीची उंची बघू. डाव्या हाताची नखं कापून ये.